शववाहिकेचा तिसरा सिलिंडर

माझी आत्या आयुष्यात कधी चुकलेली नाही. हे मी म्हणत नाही, ती म्हणते. चुकतात ते बाकीचे: सुटे भाग बनवणारे, पेट्रोलमध्ये भेसळ करणारे, गाडी चालवणारे, आणि यांपैकी कुणी हाताशी नसेल तर माझे बाबा. बाबा तिचे धाकटे भाऊ, त्यामुळे ते नेहमीच हाताशी असतात.

दोघं मिळून गॅरेज चालवतात. जुन्या गाड्यांची थकलेली इंजिनं पार उघडायची, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडून द्यायची, हा त्यांचा धंदा. गॅरेज आजोबांनी काढलं, आत्यानं ताब्यात घेतलं, आणि बाबांना त्याबद्दल काय वाटतं हे विचारायचं राहूनच गेलं. मी तिथे सुटे भाग मागवते आणि फोन उचलते. फोन आत्यानं उचलला तर गिऱ्हाईक परत फोन करत नाही, असा अनुभव आहे.

गल्ली तिला फौजदार म्हणते, अर्थात पाठीमागे. ठेंगणी, खांद्यात रुंद, पायात पुरुषांचे बूट आणि खिशात कायम एक फडकं. आवाज असा की पलीकडच्या औषधवाल्याला आमच्या गॅरेजमधल्या सगळ्या गाड्यांचे आजार पाठ आहेत. लग्न एकदा झालं होतं. नवरा तिला गाडीचा गिअर कसा टाकायचा ते शिकवायला गेला आणि तिथे ते प्रकरण मिटलं. यावर नवऱ्याचं म्हणणं काय होतं ते आम्हाला माहीत नाही, कारण त्याला बोलायची पाळीच आली नसणार.

ज्यांना इंजिनात रस नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं. इंजिनाला श्वास घ्यायला आणि सोडायला झडपा असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. आकार लांब दांड्याच्या अळंबीसारखा. हा दांडा ज्या नळीत वरखाली सरकतो ती गाइड. गाइड सैल झाली तर तेल गळून आत जातं आणि गाडी धूर ओकते. गाइड फार घट्ट झाली तर दांडा तापून फुगतो आणि आतच अडकून बसतो. दांड्याच्या टोकावर एक छोटा हातोडा ठोकत असतो. हातोडा आणि दांडा यांच्यात कागदाच्या जाडीएवढी फट ठेवावी लागते, तिला टॅपेटची फट म्हणतात. गाइड आतून मापाला कापणं आत्याचं काम, टॅपेट लावणं, म्हणजे ती फट जुळवणं, बाबांचं. ही वाटणी माझ्या जन्माच्या आधीची आहे आणि तिच्यात कुणी नाक खुपसत नाही.

आता गंभीरराव. गंभीरराव शववाहिकेचे मालक. हे नाव त्यांना लोकांनी ठेवलं, कारण हा माणूस कशावरही हसतो आणि मयताच्या वेळी गालाचा आतला भाग चावून वेळ निभावून नेतो. त्यांची गाडी लांब, काळी, मागच्या काचांना जांभळे पडदे, आणि इंजिन मरायला टेकलेलं. ती इतका धूर सोडायची की मागून चालणारी मंडळी खोकत खोकत जायची. प्रत्येक मयताला खरे अश्रू निघतात, ही आमच्या सेवेची खासियत आहे, असं गंभीरराव सांगायचे. पण एका मयताच्या मुलानं तक्रार केली, आणि इंजिन आमच्याकडे आलं.

गाडी सोडताना गंभीरराव सहज बोलून गेले की स्टँडवरचे टॅक्सीवाले म्हणतात, फौजदारबाईंनी केलेलं इंजिनसुद्धा वर्षभरात थोडा धूर टाकायला लागतं. त्यांनी हे हसत सांगितलं. आत्या हसली नाही. त्या दिवशी तिनं जेवणाचा डबा न उघडताच परत नेला, आणि गाइड कापायला बसली तेव्हा मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. या इंजिनातून धुराची रेघ निघाली तर मी नाव बदलीन, असं तिनं जाहीर केलं. कोणतं नाव, ते आम्ही विचारलं नाही.

इंजिन झालं सुरेख. वर पेला ठेवला तर पाणी हललं नसतं. आत्यानं शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर शववाहिका अशी पळवली की समोरून येणारे लोक गाड्या बाजूला घेऊन उभे राहिले. धूर शून्य. गंभीरराव खूश होऊन गाडी घेऊन गेले.

पहिलं मयत एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं. यात्रा माणसाच्या चालीनं निघाली, अर्धा रस्ता झाला, आणि गाडी आधी थरथरली, मग गचके देऊ लागली, टपावरची फुलं बॉनेटवर आली, आणि बागेच्या वळणावर ती बंद पडली ती पडलीच. बाईंच्या जावयांनी ढकलत नेली. गंभीरराव यात्रेच्या पुढे तोंड पाडून चालत होते, त्यामुळे त्यांना एवढंच सांगता आलं की मागे काहीतरी झालं आणि मग गाडी आली नाही. अंत्यविधी उरकल्यावर चालकानं किल्ली फिरवली तर पहिल्याच फिरकीला सुरू. थंड झाली होती ना.

दुसऱ्या मयताला पुन्हा तेच वळण आणि तेच नाटक. मधल्या काळात बाबा शेजारच्या गावाहून दुसऱ्या एका इंजिनाचा क्रँक नावाचा भाग आणायला गेले होते. त्या दिवशी आत्यानं गाडी मागच्या आवारात तासभर सुरू ठेवून बघितली, बॉनेट उघडं ठेवून, शेजारी स्टूल टाकून. मी आत फोनवर होते. काहीही झालं नाही, असं तिनं सांगितलं.

आणि मग ते भांडण. एरवी त्यांचं भांडण म्हणजे गॅरेजचा रेडिओ, चालू असतो आणि कुणी ऐकत नाही. पण त्या दिवशी गंभीरराव समोर उभे होते. आत्या म्हणाली, टॅपेट घट्ट लागलेत. गाडी तापली की सगळं फुगतं, फट मिटते, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, दुसरं काय. बाबा म्हणाले, गाइड घट्ट असल्या तरी असंच होईल. दोघांचं बरोबर होतं. फरक एवढाच की व्हॉल्व्ह अडकला तर वरचा हातोडा रिकामा पडतो आणि टकटक वाजतो. टॅपेट घट्ट असेल तर आवाज येत नाही.

"तासभर ऐकलंय मी," आत्या म्हणाली. "टक् नाही की टुक् नाही. गाइड मी कापल्यात. टॅपेट यानं लावलेत, आणि याचा हात थरथरतो."

गंभीररावांचं हसू पहिल्यांदाच गालाच्या मदतीशिवाय थांबलं.

बाबांचा हात वर्षभरापासून थरथरत होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर चकार शब्द काढत नव्हतं. आई त्यांचा कप अर्धाच भरायची. आत्यासुद्धा गॅरेजमध्ये त्यांचा कप अर्धाच भरायची आणि दूध संपलं म्हणायची. बाबा टॅपेट लावताना मनगट इंजिनाच्या कडेला टेकवून घ्यायचे, आणि तेवढा वेळ आत्या पाठ करून उभी राहायची म्हणजे त्यांना अवघडायला नको. इतकं सांभाळलेलं तिनं एका वाक्यात गिऱ्हाइकासमोर ओतलं. मला तिचा त्या क्षणी मनापासून राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला.

बाबांनी फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या पुसल्या, बाकावर ठेवल्या, हात धुतले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. चौकातल्या मोठ्या टायरच्या दुकानाचा मालक त्यांना कधीपासून बोलावत होता. काम काय, तर काचेच्या टेबलामागे बसायचं, कोणत्या गाडीला कोणता टायर ते सांगायचं आणि गिऱ्हाइकाला चहा हवा का विचारायचं. बाबांनी त्याला सोमवारपासून येतो असं कळवून टाकलं. आईला आनंद झाला असावा, कारण तिथे कपडे काळे होत नाहीत. पण तिनं तो दाखवला नाही.

मी बाबांना विचारलं, टॅपेट खरंच चुकलेत असं वाटतं का. ते अंगठ्यानं टेबलाची कड घासू लागले.

"माहीत नाही," ते म्हणाले. "हाच तर त्रास आहे. ताईचा कान आजवर खोटा पडला नाही. तिला आवाज आला नाही म्हणजे गाइड बरोबर असणार. आधी हात मला सांगायचा, फट झाली म्हणून. आता मी हाताला विचारतो."

तेव्हा मला कळलं की प्रश्न शववाहिकेचा नाहीच. टॅपेट चुकलेले निघाले असते तर बाबांनी पुन्हा कधी कुठल्या इंजिनाला हात लावला नसता. ते त्या काचेच्या टेबलामागे बसून लोकांना चहा विचारत म्हातारे झाले असते. म्हणून मला आत्या चुकलेली हवी होती. कुणी आपल्या सख्ख्या आत्याचं वाईट चिंतू नये, पण मी चिंतलं, आणि अगदी मनापासून चिंतलं.

इकडे आत्याची अवस्था बघण्यासारखी होती. ती सवयीनं ओरडायची, "अरे, दहा नंबरचा पाना दे," आणि मग दहा नंबरचा पाना स्वतःच उठून घ्यायची. बाबांचे टॅपेट बघायला तिनं इंजिनाचं वरचं झाकण एकदा काढलं, आत बघत उभी राहिली आणि तसंच परत लावून टाकलं. त्या फटी तिनं मोजल्या नाहीत. का मोजल्या नाहीत ते मला तेव्हा समजलं नाही. आता वाटतं, तिचीही छाती झाली नसावी.

गुरुवारी सकाळी ती मला म्हणाली, ही गाडी मयताच्या चालीनं, वारा न लागता तापली कीच बिघडते ना, मग मयताच्या चालीनंच चालवू. तिनं गंभीररावांनाही बोलावून घेतलं. शनिवारी त्यांच्याकडे पुढचं गिऱ्हाईक होतं, परदेशातला मुलगा येईपर्यंत थांबवलेलं, आणि ते गिऱ्हाईक आणखी थांबू शकत नव्हतं. मी चालवायला बसले. आत्या बॉनेटच्या शेजारून पायी निघाली, एक हात बॉनेटवर, मान इंजिनाकडे झुकवलेली. गंभीरराव सवयीनं पुढे जाऊन चालू लागले आणि सवयीनंच तोंड पाडलं.

आता हे चित्र बाहेरून कसं दिसत असेल याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. पडदे ओढलेली शववाहिका, पुढे गंभीरराव, शेजारी मान खाली घालून गाडीला धरून चालणारी फौजदार, आणि चालवायला मी, ओठ घट्ट मिटून, कारण पहिल्या गिअरमध्ये एवढ्या लांब गाडीचा क्लच सांभाळताना जीव मेटाकुटीला आला होता. भांडण साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. बाबा त्यानंतर कुणाला दिसले नव्हते. लोकांनी हिशेब जुळवला.

इस्त्रीवाल्यानं आधी इस्त्री उभी केली, मग दुकानाबाहेर येऊन हात जोडले. औषधवाल्यानं शटर निम्मं ओढलं आणि मागून चालू लागला. शिवणकामवाली गळ्यातली मापाची टेप तशीच लटकवून निघाली. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, अशा वेळी विचारणं बरं दिसत नाही. मला आरशात माणसं वाढताना दिसत होती आणि मला वाटत होतं, लोकांना इंजिनात किती रस आहे. मागून कुणाचा तरी आवाज आला की बिचारा फार सोसायचा, आणि दुसऱ्यानं दुजोरा दिला की हिनंच घेतला त्याचा जीव.

एवढ्यात आवाज सुरू झाला. आधी हलका, मग स्पष्ट. टक्, टक्, टक्. माझी काच निम्मी वर होती, हीटरचा पंखा चालू होता, तरी मला सीटवरून ऐकू येत होतं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि आत्याकडे बघितलं. तिचा कान बॉनेटपासून हातभर अंतरावर होता. ती तशीच चालत होती.

थोड्या वेळानं तिनं खिडकीशी तोंड आणून विचारलं, "येतोय का गं काही आवाज?"

मी हो म्हणाले. ती पुन्हा वाकली. मग पुन्हा वर आली आणि विचारलं, अजून येतोय का. आवाज तेव्हा इतका मोठा झाला होता की इस्त्रीवालासुद्धा चमकून गाडीकडे बघत होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. आवारात स्टूल टाकून ती तासभर बसली होती तेव्हाही हा टकटकत असणार, निदान कुजबुजत तरी. तिचं ओरडणं आम्ही सगळे तिचा स्वभाव समजत होतो. तिच्याबद्दलचा राग मात्र होता तसाच राहिला, त्यात दुसरं काहीतरी मिसळलं एवढंच.

आमच्या घराच्या रस्त्याला वळलो तेव्हा गाडी गचके देऊ लागली होती. कुणी तरी पुढे धावत जाऊन आईच्या गळ्यात पडलं होतं. आई दारात उभी राहून त्या बाईला समजावत होती की ते आत आहेत, पाव खातायत. तेवढ्यात बाबा पायात सपाता, हातात अर्धा कप घेऊन बाहेर आले. यात्रा थांबली. गाडी बाबांच्या समोर येऊन बंद पडली.

लोकांनी बाबांकडे बघितलं, मग पडद्यांकडे, मग परत बाबांकडे. इतक्या लांब चालून आलेल्या माणसाची थोडी निराशा होणारच. औषधवाल्यानं अखेर विचारलं, मग आत कोण आहे. गंभीरराव एव्हाना भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत उभे होते, आणि लोकांना वाटलं ते रडतायत.

बाबांनी कोणाकडेच लक्ष दिलं नाही. आवाज त्यांनी दारातूनच ऐकला होता. कप आईच्या हातात देऊन ते गाडीकडे आले. "तिसरा सिलिंडर," ते म्हणाले. "एक्झॉस्ट. अडकतोय."

आत्यानं फडक्यानं धरून इंजिनाचं झाकण काढलं. सगळे व्हॉल्व्ह आपापल्या जागी होते, तिसऱ्या सिलिंडरचा धूर सोडणारा व्हॉल्व्ह खाली दबून राहिला होता आणि त्याच्या वरचा हातोडा लोंबत होता. बाबांनी तेलाच्या डबीतून दोन थेंब दांड्यावर सोडले. जरा वेळानं व्हॉल्व्ह खट्कन वर आला. औषधवाला म्हणाला, जिवंत आहे.

आत्यानं खिशातून बाबांच्या पट्ट्या काढल्या. गॅरेजमधून निघताना तिनं त्या बरोबर घेतल्या होत्या हे मला तेव्हा कळलं. तिनं त्या बाबांपुढे धरल्या आणि म्हणाली, मोज.

बाबांनी मान हलवून नको म्हटलं. एवढी माणसं बघत होती. आत्यानं पट्ट्या धरलेला हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी त्या घेतल्या, फडकं घडी करून गरम कडेवर ठेवलं, त्यावर मनगट टेकवलं. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. ते एकेका व्हॉल्व्हपाशी गेले, पट्टी फटीत सरकवली, ओढून बघितली. प्रत्येक ठिकाणी ती तेवढीच अडली, जेवढी अडायला हवी. शेवटची फट मोजून झाल्यावर त्यांनी पट्ट्या मिटल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"टॅपेट सगळे बरोबर आहेत," आत्यानं साऱ्या रस्त्याला सांगितलं. "कुणी मेलेलं नाही. घरी जा आता."

गाइडचं नाव तिनं काढलं नाही. मला वाटलं होतं बाबा आता हसतील, चपला घालतील आणि गॅरेजला चालू लागतील. ते फक्त म्हणाले, "टॅपेट बरोबर निघाले, बरं वाटलं. पण हात थरथरतो हे खरंच आहे ना, ताई. गंभीररावांना आता ठाऊक आहे, उद्या सगळ्यांना असेल. कोण आपलं इंजिन माझ्या हातात देणार." शनिवारपर्यंत येऊन एवढं काम पुरं करून देतो आणि सोमवारी टायरच्या दुकानात जातो, असं सांगून ते पाव संपवायला आत गेले.

गॅरेजमध्ये दोघांनी इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवलं आणि व्हॉल्व्ह बाहेर काढले. एक्झॉस्टच्या दांड्यांवर लांब चकचकीत ओरखडे होते, तिसऱ्यावर तर तेल जळून तपकिरी झालं होतं. टॅक्सीवाल्यांच्या त्या बोलण्यापायी आत्यानं या गाइड इतक्या चपखल कापल्या होत्या की तापलेल्या दांड्याला फुगायला जागाच उरली नव्हती. श्वास घेणाऱ्या व्हॉल्व्हला ते चालून जातं, कारण त्याला आत येणारी थंड हवा मिळते. सोडणारा व्हॉल्व्ह आगीत उभा असतो, त्याच्या गाइडला थोडं ऐसपैस ठेवावं लागतं. हे आत्या मला माझ्या शाळेच्या वयापासून शिकवत आलेली. आणि आता तीच आत्या दांडा उजेडात फिरवत म्हणाली, "या गाइड घट्ट कापल्या गेल्यात," जणू रात्रीत कुणी चोर येऊन कापून गेला होता.

तिनं रीमर, म्हणजे भोक मोठं करायचं हत्यार, घेऊन त्या थोड्या मोठ्या केल्या, कीस धुऊन काढला, प्रत्येक दांडा तेल लावून सोडून बघितला. तो स्वतःच्या वजनानं खाली जात होता. बाबांनी जोडणी केली, टॅपेट लावले. दोघांत कामाचे सोडून शब्द झाले नाहीत. शुक्रवार असा गेला की मी फोनचीही वाट बघत होते.

शनिवारचं मयत एका विमा एजंटचं. गर्दी भरपूर होती, कारण त्यानं गावातल्या प्रत्येकाला कधी ना कधी घरात गाठलेलं होतं. इंजिन ऐकायचं तर शेजारून चालायला हवं, म्हणून आत्या आणि बाबा बॉनेटला लागून चालत होते, म्हणजे बायकोमुलांच्याही पुढे. मी मागे. मोठ्या मुलानं मला हळूच विचारलं, ही मंडळी कोण. मी म्हणाले, फार जवळची. मयताची मेव्हणी तेव्हापासून आत्याच्या पाठीकडे डोळे बारीक करून बघायला लागली.

बागेचं वळण जवळ येत होतं. इंजिन चांगलं तापलेलं. आत्यानं बाबांची बाही पकडली.

"येतोय का?"

"काय?"

"आवाज. मला नाही ऐकू येत."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिला ते सगळं कुजबुजायचं होतं, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. पण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याला कुजबुजता येत नाही. ती बोलली ते मागच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"डावा कान गेलाय माझा, उजव्यातही फारसं काही उरलं नाही. वर्ष होऊन गेलं. त्या दिवशी आवारात वाजत असणार तो, मला कळलाच नाही. तुझ्या हाताचं मी चारचौघांत बोलले आणि माझ्या कानाचं तुलासुद्धा कळू दिलं नाही. गाइड मी घट्ट कापल्या. चुकलं माझं. तू गेलास तर मला जमायचं नाही."

आणि ती रडायला लागली. आत्याला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. तिला ते नीट येतही नाही, खोकल्यासारखं होतं. मेव्हणीनं बहिणीचा दंड धरला. एजंटच्या बायकोनं मात्र पुढे होऊन आत्याच्या हातात आपला रुमाल दिला, काही न विचारता. दुःखाची माणसं कधी कधी फार भली वागतात.

बाबांनी आत्याचा हात आपल्या थरथरणाऱ्या हातात घेतला. दोघं वळणावर आली. इंजिन एकसारखं, मऊ चालत होतं. बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले, वळण पुरं होईपर्यंत, आणि पुढेही थोडं. मग ते तिच्या उजव्या कानाशी वाकले.

"काही नाही ताई," ते मोठ्यानं म्हणाले. "अगदी गप्प चाललीय."

मग मागे वळून त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. म्हणाले, सोमवारी सकाळी टायरवाल्यांना फोन करून सांग, मला यायला जमणार नाही.

मी सोमवारची वाट बघितली नाही. रांगेतून बाजूला झाले आणि बागेच्या कठड्याशी उभी राहून तिथूनच फोन लावला. मयत अजून पोचायचं होतं.